बारा जानेवारी कोणाची?

महाराष्ट्रातल्या घराघरांत ज्यावरून लग्नाचे मुहूर्त निघतात आणि एकादशी आज की उद्या हा वाद मिटतो, ते दाते पंचांग सोलापुरात तयार होते. लक्ष्मणशास्त्री दात्यांनी सुरू केलेल्या या कामाने केव्हाच शंभरी ओलांडली. कोणता दिवस कशासाठी, हे लोकांना सांगण्याचा उद्योग या गावाला जुना आहे. तेव्हा सोलापूरकराने दिनविशेषाबद्दल चार शब्द कडक बोलले, तर तो त्याचा अधिकारच समजावा.

दिनविशेष म्हणजे वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली ती चौकट. शाळेच्या फळ्यावर सुविचाराच्या खाली, आकाशवाणीवर सकाळच्या सभेत आणि आता फोनवर चहाच्या आधी येणारा मजकूर. १२ जानेवारीची चौकट साधारण अशी भरते. १५९८, सिंदखेडराजा येथे जिजाऊंचा जन्म. १६६५, फ्रेंच गणिती फर्मा यांचे निधन. १७०८, शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक. १८६३, स्वामी विवेकानंदांचा जन्म. १८७६, अमेरिकन लेखक जॅक लंडन यांचा जन्म. १९१८, पुणतांब्याला संगीतकार सी. रामचंद्र यांचा जन्म. १९३१, सोलापूरच्या चार सत्याग्रहींना येरवड्यात फाशी. १९३४, चितगावात सूर्य सेन यांना फाशी. १९७६, अगाथा ख्रिस्ती यांचे निधन. १९९२, देवासला कुमार गंधर्व गेले. २००५, अमरीश पुरी गेले. २०१०, हैतीत भूकंप.

या ओळी वाचून माणसाला थोडे समाधान मिळते, आपल्याला बरेच काही कळले असे वाटते. खरे तर काहीच कळलेले नसते. या बारा ओळींना एकमेकींशी काही देणेघेणे नाही. एकीमुळे दुसरी घडलेली नाही, एकीने दुसरीचा अर्थ उजळत नाही. हैतीच्या भूकंपाला आणि ‘भोली सूरत’वाल्या सी. रामचंद्रांना एकाच मापाची ओळ मिळते. चार माणसांच्या फासालाही तेवढीच. इतिहासात लहानमोठे असते, आधीनंतर असते, कारण आणि परिणाम असतात. दिनविशेषात फक्त आकडा जुळतो.

आकडे तर कशाशीही जुळतात. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले. त्यानंतर बरोबर एका वर्षाने, १० ऑक्टोबर १९११ ला, वूचांगचा उठाव झाला आणि चीनची राजेशाही कोसळू लागली. पुढे हाच सोलापूरचा मुलगा चीनमध्ये जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता १९४२ मध्ये तिथेच गेला. भाषणाला सुरुवात करायला याहून चांगला योगायोग मिळणार नाही. पण त्यातून कोटणिसांबद्दल काय समजते? ते चीनला गेले ते जपानी आक्रमणामुळे, राष्ट्रीय सभेने वैद्यकीय पथक पाठवायचे ठरवल्यामुळे, आणि त्या पथकात नाव द्यायची त्यांची तयारी होती म्हणून. जन्मतारखेचा त्यात काडीचा वाटा नाही.

१ ऑगस्टला तर एकाच टेबलावर दोन तसबिरी मांडतात. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत लोकमान्य टिळक गेले आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. सरकारी कचेरीत, शाळेत, बँकेत एकाच हाराच्या खर्चात पुण्यतिथी आणि जयंती उरकते. एक साहेब दोघांवर मिळून पाच मिनिटे बोलतात. मंडालेच्या तुरुंगात गीतेवर लिहिणारा पुढारी आणि मुंबईच्या चाळींतून पोवाडे उभे करणारा शाहीर यांना शेजारी बसवण्यात एक अवघड, विचार करण्याजोगा प्रश्न दडलेला आहे. टिळकांच्या स्वराज्यात अण्णा भाऊंच्या माणसांची जागा कुठे होती? हा प्रश्न १ ऑगस्टला कोणी विचारत नाही. तारीख दोघांना एकत्र आणते आणि गप्प बसवते.

आता कोणी म्हणेल, निदान दिवस तरी तोच आहे ना? तेही खरे नाही. जिजाऊंचा जन्म परंपरेने शके १५१९ च्या पौष पौर्णिमेचा. त्या पौर्णिमेला १२ जानेवारी १५९८ ही तारीख पडते ती जुन्या ज्युलियन गणनेने. आज आपल्या भिंतीवर टांगलेली आहे ती ग्रेगोरियन गणना, आणि तिच्याप्रमाणे तो दिवस २२ जानेवारी होतो. इंग्रजांनी नवी गणना स्वीकारली १७५२ मध्ये. त्यामुळे त्याआधीच्या मराठ्यांच्या इतिहासातल्या बहुतेक इंग्रजी तारखा जुन्या हिशेबाच्या आहेत. शिवरायांची १९ फेब्रुवारी १६३० म्हणजे आजच्या हिशेबाने १ मार्च. शाहूंचा १२ जानेवारीचा राज्याभिषेक आजच्या हिशेबाने २३ जानेवारीला जातो. शिवजयंती तारखेने की तिथीने, यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडलो, पण ही तारीख कोणत्या दिनदर्शिकेतली हे त्या भांडणात फारसे कोणी विचारले नाही.

विवेकानंदांची तारीख नव्या गणनेतलीच आहे, पण तिथे वेगळी गंमत. ते जन्मले त्या दिवशी मकरसंक्रांत होती. १८६३ मध्ये संक्रांत १२ जानेवारीला आली होती. आता ती १४ किंवा १५ ला येते, कारण सुमारे ७०-७२ वर्षांत ती एक दिवस पुढे सरकते. सोलापुरात संक्रांत म्हणजे सिद्धेश्वराचा गड्डा. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, पांढऱ्या बाराबंद्या, खांद्यावर तोललेल्या नंदीध्वजांच्या काठ्या, अक्षता. म्हणजे १८६३ च्या १२ जानेवारीला सोलापूर ऐन यात्रेत असणार. आज त्याच तारखेला यात्रा तोंडावर आलेली असते, काठ्यांची तयारी चाललेली असते. यात्रा सूर्याबरोबर सरकली आणि तारीख जागेवर राहिली. बंगालात रामकृष्ण मठ विवेकानंदांची जयंती पौष वद्य सप्तमीला करतो. सरकारने १९८५ पासून १२ जानेवारी हा युवा दिन केला. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण मग ‘त्याच दिवशी’ या शब्दांत काय उरले?

एवढ्यावरून दिनविशेष मोडीत काढावा, असे मी म्हणत नाही. लोकांना तारखा लागतात. तारखेशिवाय सभा भरत नाही, हार येत नाही, शाळेत वक्ता येत नाही. प्रश्न असा आहे की एखाद्या गोष्टीसाठी तारीख ठरवते कोण?

आपल्याकडे एका पिढीचे वाढदिवस १ जूनला येतात. सोलापूर, धाराशिव, लातूर, कुठल्याही गावात साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांची कागदपत्रे उघडा, १ जूनची रांग लागेल. शाळेत नाव घालताना आईबाप म्हणायचे, दुष्काळाच्या आदल्या साली, ज्वारी काढणीला आली तेव्हा. गुरुजींना तारीख हवी असायची, ते १ जून लिहायचे. म्हणजे माणूस जन्मला एके दिवशी आणि नोंदला गेला दुसऱ्या दिवशी, आणि सरकारदरबारी खरा ठरला तो नोंदीचा दिवस. तारीख ही आधी नोंदवहीची असते, मग माणसाची. गरिबाच्या बाबतीत तर फारच. राजाच्या जन्माची तिथी शकावलीत सापडते. गिरणी कामगाराच्या जन्माची कुठे सापडणार? त्याला तारीख मिळते ती त्याचा पोलीस, कोर्ट किंवा तुरुंगाशी संबंध आला की.

सोलापूरच्या १२ जानेवारीकडे मी याच नजरेने पाहतो. ही तारीख तुरुंगाच्या नोंदवहीतली आहे.

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली, हे सोलापुरात शाळकरी मुलालाही पाठ असते. चौघांचे पुतळे चौकात उभे आहेत, हुतात्मा स्मृती मंदिरात नाटके होतात, पुण्याला जाणाऱ्या गाडीचे नाव हुतात्मा एक्सप्रेस आहे. (मुंबईची गाडी सिद्धेश्वर. हुतात्मे पुण्यापर्यंत आणि देव मुंबईपर्यंत, अशी वाटणी रेल्वेने केली आहे.) नावे पाठ आहेत आणि फाशी पाठ आहे. फाशी कशासाठी झाली, हे विचारले की उत्तर आखडते. स्वातंत्र्यासाठी. हो, पण त्यांनी केले काय? सोलापुरात घडले काय?

घडले ते असे. ६ एप्रिल १९३० ला गांधींनी दांडीला मीठ उचलले, आणि त्याच दिवशी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढला. तो चढवायला पुण्याहून अण्णासाहेब भोपटकर आले होते. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर गांधींना पकडून येरवड्याला नेले. ती बातमी सोलापुरात आली आणि गिरण्या थांबल्या. हे गाव गिरण्यांचे. १८७७ पासून इथे भोंग्यावर दिवस चालत होता. जुनी मिल, विष्णू, लक्ष्मी, नरसिंगगिरजी. भोंगा वाजूनही माणसे आत गेली नाहीत की हजारो लोक एकाच वेळी रस्त्यावर येतात, आणि अशा शहरात काहीही घडू शकते. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडे तोडण्यावरून लोक आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण त्यात पडला. मग मंगळवार पेठेची पोलीस चौकी पेटली, दोन पोलीस मारले गेले, कोर्ट जळाले.

आणि त्यानंतरचे तीन दिवस, ९, १० आणि ११ मे, सोलापूर शहरात इंग्रजांचे राज्य नव्हते. पोलीस मागे घेतले गेले होते. काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यांवर उभे होते, रहदारीसुद्धा तेच पाहत होते. पोलीस हटले म्हणजे राज्य संपले असे नाही, असे कोणी कायदेपंडित म्हणेल, आणि त्याचे म्हणणे कागदावर बरोबर असेल. पण लाखावर वस्तीचे, अठरापगड जातींचे, चार भाषा बोलणारे, गिरण्या बंद पडून माणसे रिकामी झालेले शहर तीन दिवस कोणी चालवले, हा प्रश्न त्याने सुटत नाही. १२ मेपासून लष्कर आले आणि मार्शल लॉ लागला. पंजाबात १९१९ ला आणि मलबारात मोपल्यांच्या बंडात जे हत्यार बाहेर काढले होते, ते सोलापुरावर चालवले गेले. गांधी टोपी घालणे आणि तिरंगा हातात धरणे गुन्ह्यात जमा झाले. जूनअखेरपर्यंत हे चालले. चौघांवर दोन पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवला गेला, अपिले फेटाळली गेली, आणि जानेवारीत फाशी झाली.

आता या सगळ्यात सोलापूरकरांनी स्वतः ठरवलेल्या तारखा कोणत्या? ६ एप्रिल. ९, १० आणि ११ मे. आणि सरकारने ठरवलेली कोणती? १२ जानेवारी. आपण नेमकी सरकारने ठरवलेली पाळतो.

हे खटकते ते देशाभिमानाच्या लहरीतून नाही. स्मरणाचा दिवस कोणता, यावर स्मरणात काय राहते हे ठरते. १२ जानेवारीला चौघे जण फक्त सोसणारे आहेत. हात मागे, डोक्यावर बुरखा. त्या दिवशी करणारा आहे तो तुरुंगाधिकारी. ९ मेला तेच चौघे करणारे होते: सभा भरवणारे, गिरणी कामगारांना बोलवणारे, अब्दुल रसूल ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवणारे. आपल्या स्मरणातून माणसांचे काम गळाले आणि त्यांचा शेवट उरला. भाषणात म्हणूनच तपशील नसतो. फाशीचे वर्णन करायला तपशील लागत नाही, विशेषणे पुरतात.

मे महिना का पाळला जात नाही, याची काही कारणे अगदी साधी आहेत. मेमध्ये सोलापुरात पारा बेचाळीसच्या वर, शाळा बंद. आपल्याकडचे निम्मे स्मरण शाळेच्या प्रार्थनेच्या तासाला होते. मुले घरी किंवा मामाच्या गावाला असतील तर प्रभातफेरी कोणाची काढायची? जानेवारीत हवा चांगली असते, गड्ड्याने शहर आधीच जागे असते, शाळा भरलेल्या असतात.

पण खरे कारण एवढेच नाही. मे अडचणीचा आहे. मेमध्ये दोन पोलीस मेले. त्या पोलिसांनाही नावे होती, घरे होती. खटल्याच्या कागदांत ती नावे आहेत, कुठल्याही दिनविशेषात नाहीत. मेमध्ये कोर्ट जळाले. सत्याग्रहाची शिस्त सुटली. गांधींच्या अटकेवर पेटलेले शहर गांधींच्या मार्गाने वागले नाही, आणि हे काँग्रेसलाही गिळायला जड होते. उलट, चौघांनी ते खून केलेच नव्हते असे सोलापुरात मानतात. त्यामुळे १२ जानेवारी ही तारीख निर्मळ आहे. तिथे आपल्या बाजूला फक्त निरपराध माणसे, समोर फक्त अन्याय. मेमध्ये शिरलो तर जमाव म्हणजे कोण, त्याच्यावर कोणाचा ताबा होता, गोळी आधी की दगड आधी, असे सगळे प्रश्न येतात. स्मरणाला ते परवडत नाहीत. इतिहासाला परवडतात.

फाशीच्या वेळी गांधी कुठे होते, हे दिनविशेष कधी सांगत नाही. ते येरवड्यातच होते. ज्यांच्या अटकेने सोलापूर पेटले ते, आणि त्या पेटण्याची किंमत मोजणारे चौघे, १२ जानेवारीच्या सकाळी एकाच तुरुंगात होते. त्या वेळी लंडनला पहिली गोलमेज परिषद संपत आली होती. १९ जानेवारीला ती आटोपली. २६ जानेवारीला गांधींची सुटका झाली, मार्चच्या ५ तारखेला आयर्विनशी करार झाला. म्हणजे सरकार बोलणी करायच्या बेतात असताना, दोन आठवडे आधी, चौघांचा निकाल लावून मोकळे झाले. आणि २३ मार्चला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव. देशभराचे दुःख त्या तारखेने खेचून घेतले, आणि सोलापूरची १२ जानेवारी सोलापूरपुरती राहिली. हा सगळा संबंध एका वर्षाच्या रांगेत उभा केला तरच दिसतो. तारखेच्या खिडकीतून पाहिले तर १२ जानेवारी १९३१ च्या शेजारी अगाथा ख्रिस्ती दिसते.

एक शेजारी मात्र खरा आहे, पण दिनविशेष त्याला चुकीच्या कारणाने जवळ आणतो. सूर्य सेन. १२ जानेवारी १९३४ ला चितगावात त्यांना फाशी झाली म्हणून ते यादीत चौघांच्या पुढच्या ओळीवर येतात. त्यांचे आणि सोलापूरचे नाते तारखेचे नाही, १९३० च्या उन्हाळ्याचे आहे. १८ एप्रिलला सेन यांच्या माणसांनी चितगावचे शस्त्रागार लुटले. २३ एप्रिलला पेशावरात किस्साख्वानी बाजारात गोळीबार झाला, चंद्रसिंग गढवालींच्या तुकडीने निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडायला नकार दिला, आणि ते शहर काही दिवस सरकारच्या हातातून निसटले. मेमध्ये सोलापूर. तीन आठवड्यांत देशाच्या तीन टोकांना तीन शहरांनी साम्राज्याला घाम फोडला. त्यातले एक आज बांगलादेशात, एक पाकिस्तानात. भारताच्या नकाशावर तिघांपैकी सोलापूर एकटेच राहिले आहे. या तिघांना एकत्र ठेवणारे एखादे पान आपल्या पाठ्यपुस्तकात असते, तर सोलापूर जिल्ह्याच्या पलीकडेही हे चौघे कळले असते. त्याला साल लागते आणि साल वाचायला वेळ लागतो. तारीख एका ओळीत संपते.

इथवर मी १२ जानेवारीच्या विरुद्ध बोललो. तिच्या बाजूने एक मोठा मुद्दा आहे, आणि तो मला माझ्याच म्हणण्यापेक्षा जड वाटतो.

सोलापूर हे जयंत्यांचे शहर आहे. शिवजयंती, भीमजयंती, बसवजयंती, मार्कंडेय जयंती, अहिल्यादेवींची, अण्णा भाऊंची, आणखी कितीतरी. मिरवणुका, डीजे, स्वागत कमानी, वर्गणी, फलक. पंधरवड्याला एखादा तरी मुख्य रस्ता कोणत्यातरी जयंतीसाठी बंद असतो, आणि कोणती जयंती किती मोठी निघाली यावरून कोणता समाज किती मोठा हे मोजले जाते. जन्म म्हणजे घर, कूळ, जात. जयंती साहजिकच त्या घराकडे जाते. महापुरुष सगळ्यांचा, असे भाषणात म्हणतात. मिरवणुकीत पुढे कोण चालते ते पाहावे.

आता कल्पना करा, या चौघांच्या जयंत्या सुरू झाल्या असत्या तर? धनशेट्टींची लिंगायतांनी केली असती, शिंद्यांची मराठ्यांनी, सारडांची मारवाड्यांनी, अब्दुल रसूलांची मुसलमानांनी. चार तारखा, चार मिरवणुका, चार कमानी. कालांतराने एकाचा पुतळा दुसऱ्यापेक्षा उंच. हे टळले ते फाशीच्या तारखेमुळे. तुरुंगाच्या नोंदवहीने चौघांना एकाच दिवशी बसवले आणि वेगळे करण्याची वाट बंद केली. सरकारने द्वेषाने ठरवलेल्या तारखेने सोलापूरचे एक हित केले. चार पुतळे एकाच चौथऱ्याभोवती उभे आहेत, आणि १२ जानेवारीला हार घालणाऱ्याला चारही गळ्यांपर्यंत हात न्यावा लागतो. ज्या शहरात हिंदू-मुसलमानांत तणाव झाल्याच्या बातम्या वरचेवर येतात, तिथे अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे नाव वर्षातून एकदा तरी माइकवरून सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांना उच्चारावे लागते. हे थोडे नाही.

म्हणून १२ जानेवारी सोडा, असे मी म्हणणार नाही. तिच्यावर थांबू नका, असे म्हणतो. तिच्यावर थांबल्याने सोलापूरचे बरेच काही तारखेबाहेर राहिले. तेलंगणातून हातमाग घेऊन आलेली पद्मशाली कुटुंबे घ्या. ती कोणत्या दिवशी आली? कोणत्याही नाही, पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली, आणि सोलापुरी चादर त्यांच्या मागावर झाली. गिरण्या कोणत्या दिवशी बंद पडल्या? एकेक करून, खंगत. हजारो बायका घरी बसून विड्या वळू लागल्या त्याचा दिनविशेष कोणता? या शहराच्या आयुष्यात ज्या गोष्टींनी सगळ्यात खोल फरक केला, त्यांपैकी बऱ्याच सावकाश घडल्या. दिनविशेषाला सावकाश घडलेले दिसत नाही. त्याला जन्म आणि मृत्यू दिसतात, अधले आयुष्य दिसत नाही, आणि बहुसंख्य माणसांकडे असते ते तेवढेच.

२०३० च्या मेमध्ये सोलापूरच्या त्या तीन दिवसांना शंभर वर्षे होतील, आणि २०३१ च्या जानेवारीत फाशीला. दुसऱ्या शताब्दीची तयारी आपोआप होईल: समिती, निधी, मंत्र्यांची वेळ, पुतळ्यांची रंगरंगोटी, पोस्टाच्या तिकिटाची मागणी. पहिल्या शताब्दीसाठी हवे आहे ते निराळे. खटल्याचे कागद, मार्शल लॉखाली झालेल्या शिक्षांच्या नोंदी, त्या वेळची मराठी, कानडी, उर्दू, तेलुगू वर्तमानपत्रे यांतून ९ ते ११ मे तासातासाने लिहून काढायला हवेत. पाणी कोणी सोडले, बाजार कोणी उघडला, चौकाचौकांत उभे राहिलेले स्वयंसेवक कोणत्या पेठांतले होते, गिरण्यांच्या चाळींत त्या रात्री काय बोलले जात होते, बायका कुठे होत्या. त्या दोन पोलिसांची नावेही त्यात यायला हवीत. आणि हे मराठीबरोबर कानडी, तेलुगू आणि उर्दूतही छापायला हवे, कारण ते तीन दिवस चारही भाषांत घडले. मेमध्ये शाळा बंद असतात ही अडचण मात्र राहीलच. त्यावर उपाय म्हणून जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात मुलांना मंगळवार पेठेपासून जुन्या मिलच्या आवारापर्यंत चालत न्यावे. अंतर फार नाही, आणि तोवर एखादा पाऊसही पडून गेलेला असतो.